हरकतीची तिसरी चिठ्ठी

तो आला होता बहिणीचं पुस्तक परत करायला. रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमची क्रीडा प्रश्नमंजूषा भरते, हे त्याच्या गावीही नव्हतं. एका संघात माणूस कमी होता. ग्रंथपालकाकांनी त्याला खांद्याला धरून बसवलं, आणि तासाभरात माझ्या टेबलावर त्याची चिठ्ठी आली.

प्रश्न मी काढायचे. उत्तर पटलं नाही तर लेखी हरकत घ्यायची, हा आमचा नियम. हरकत खरी ठरली की माझ्या नावापुढे फुली, आणि वर्षात तीन फुल्या झाल्या की काम दुसऱ्याकडे. आठवडाभर विम्याचे फॉर्म तपासणाऱ्या मला या कामाचा केवढा अभिमान होता, काय सांगू!

त्याचं टायरचं दुकान होतं. नखांत काळं वंगण, पण अक्षर मोत्यांसारखं. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पूर्वी ड्रायव्हर रस्ता ओलांडून पळत गाडीकडे जायचे. ती पद्धत शेवटची कधी दिसली, याला मी १९६८ म्हटलं होतं. त्याने लिहिलं, १९६९. पुस्तकं उघडली... त्याचंच बरोबर. पहिली फुली.

दुसऱ्या खेपेला मी ठोकून दिलं की मोठ्या मोटारशर्यतींत विजेता नेहमी शॅम्पेनच उडवतो. त्याने इंडियानापोलिसचा विजेता दूध पितो, हे चिठ्ठीत दाखवून दिलं. दुसरी फुली. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी त्याला विचारत बसले — दूधच का, थंड की गरम? तोही हसत सांगत राहिला, आणि काका दोनदा खोकले. तेव्हापासून रविवार उजाडला की माझं लक्ष दाराकडे.

अंतिम फेरीत मी विचारलं, पहिल्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोणत्या देशाचा चेंडू वापरला? माझं उत्तर उरुग्वे. त्याचा संघ एका गुणाने हरला, आणि मी चिठ्ठीची वाट पाहत राहिले. चिठ्ठी आलीच नाही.

त्याच्यासारखा माणूस गप्प कसा? मला चैन पडेना. त्याच्या संघाची उत्तरपत्रिका काढली. त्यात लिहिलेलं: दोन्ही देशांचा. पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचा, दुसऱ्या अर्ध्यात उरुग्वेचा. दोन पुस्तकांत पाहिलं. शंभर टक्के खरं.

तो जिन्यात संघातल्यांची समजूत घालत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"हरकत का नाही घेतलीत?"

"फुल्यांचं काकांनी मला मागच्या आठवड्यात सांगितलं." तो बोटं चोळत राहिला. "आधी कळलं असतं, तर त्या दोन चिठ्ठ्याही..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोकंही तापलं. "माझी चूक झाकायला तुला कोणी सांगितलं? आणि त्या बाकीच्या तिघांचा कप?"

मी वर गेले, चिठ्ठी घेतली, हरकत घेणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं. काकांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिसरी फुली मारली. गुण समान झाले. कप दोन्ही संघांना सहा-सहा महिने.

टाळ्या वाजत होत्या आणि मी प्रश्नांची वही काकांच्या हातात देत होते. जीव तुटत होता अगदी. तो दाराशी थांबला होता.

"माझ्यामुळे तुमचं काम गेलं," तो म्हणाला.

"तुझ्यामुळे नाही. मी तपासलं नाही म्हणून गेलं." मी एक श्वास घेतला. "आणि मला तू आवडतोस... हेसुद्धा मी कुठेच तपासलेलं नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "मला तर दुधापासूनच."

आम्ही जिना उतरलो. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.