नऊशे वॅट

"हे शक्य नाही."

अनोळखी माणसाच्या बोलण्यात मी कधी पडत नाही. श्रीगोंद्यातल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात मी कॉलेजचा दुरुस्त झालेला प्रिंटर न्यायला आले होते, एवढंच. पण शेजारी उभा असलेला उंच मुलगा दुकानदाराला मोबाईलमधला फोटो दाखवत होता... "बघा ना, कॉम्प्युटर बंद पडायच्या आधी ग्राफिक्स कार्ड नऊशे वॅट खात होतं." दुकानदार म्हणाला, कार्ड गेलं, नवीन घ्या. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं.

तो वळला. "काय शक्य नाही?"

"नऊशे वॅट. तुमचा पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे?"

"साडेसहाशेचा."

"मग वरचे अडीचशे शेजाऱ्याकडून उसने आणले का?"

दुकानदार खो खो हसला. तो मात्र हसला नाही, नुसता बघत राहिला. मी प्रिंटरच्या खोक्याची दोरी उगाच घट्ट केली.

"तुम्ही कॉम्प्युटरवाल्या?"

"नाही. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. सृष्टी."

"पोरं घाबरत असतील तुम्हाला."

"जी उत्तर तपासून बघत नाहीत, ती."

आता तो हसला. गालाला एकाच बाजूला खळी पडत होती. मी लगेच नजर वळवली, पण पाहायचं ते पाहून झालं होतं.

त्याचं नाव समर्थ. काष्टीजवळ वस्तीवर राहायचा आणि घरी बसून सुप्याच्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या ॲनिमेशन फिल्म बनवायचा. पहिलंच मोठं काम हाती होतं, शुक्रवारी द्यायचं. आणि ऐन कामात कॉम्प्युटर मान टाकत होता. पुण्याच्या एका कंपनीची नोकरी चालून आली होती. "हे काम बुडालं, तर मुकाट्यानं पुण्याला जायचं," तो म्हणाला. आवाज हलका होता, पण हातातला मोबाईल तो सारखा उलटासुलटा करत होता.

"तुम्ही एकदा येऊन बघाल का?... म्हणजे — कार्ड."

"कार्डच बघणार," मी म्हणाले.

रविवारी प्रयोगशाळेतला वॅटमीटर पिशवीत घालून मी स्कूटीवरून वस्तीवर गेले. थंडीचे दिवस. कांद्याच्या रोपांचा हिरवा, तिखट वास दारापर्यंत आला होता. समर्थची आई, लंकाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मीटर बघाया आलीस, का पोरगं?"

"आई!" आतून समर्थ ओरडला.

"आधी मीटर, काकू."

"मंजी मागून पोराचा नंबर हाय!" त्या खूश होऊन म्हणाल्या. माझे कान तापले.

आत पडद्याच्या कोपऱ्यात वॅट दाखवणारे दोन प्रोग्राम शेजारी शेजारी चालू होते. एक दोनशेच्या आसपास होता. दुसरा मध्येच नऊशेवर उडी मारायचा.

"हा दुसरा कधी टाकलात?"

"पहिल्यांदा बंद पडला तेव्हा. म्हटलं, खात्री असावी."

मी तो बंद केला. उड्या थांबल्या. माझा वॅटमीटर सांगत होता, अख्खा कॉम्प्युटरच चारशेच्या आत आहे.

"दोन्ही प्रोग्राम कार्डाच्या एकाच सेन्सरला एकाच वेळी विचारत होते, त्यात उत्तराचा गोंधळ होत होता. कार्डाला काही झालेलं नाही."

"म्हणजे माझ्या काळजीनंच मला घाबरवलं?"

"बहुतेक."

तो इतका मोकळा हसला, की मीही हसले... आणि तेवढ्यात ट्यूबलाईट मंदावली. पडदा काळा झाला.

समर्थनं डोकं हातात धरलं. "संपलं."

मी मात्र मीटरकडे बघत होते. व्होल्टेज दीडशेपर्यंत घसरलं होतं. बाहेर चहूबाजूंनी घरघर उठली होती.

"शेतीची थ्री फेज लाईट आली," ओट्यावरून लंकाबाई म्हणाल्या. "रोजचंच हाय ते. मोटरी लागल्या की आमचा मिक्सर बी रडतो."

वस्तीवरच्या घरांची आणि विहिरींची वीज एकाच डीपीवरून, त्या एका ट्रान्सफॉर्मरवरून. प्रत्येक मोटरीला ऑटो बसवलेला, म्हणजे थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू. ऑटोत ती उशिरा सुरू करायची सोय असते, पण सगळ्यांनी काटा शून्यावर ठेवलेला. शेजाऱ्याचं पाणी आपल्या आधी निघालेलं कुणाला बघवतंय?

"म्हणजे दुखणी दोन होती," मी म्हणाले. "आपण एकच समजत होतो."

"आपण," तो हळूच म्हणाला. मी मीटरची वायर गुंडाळू लागले.

संध्याकाळी आम्ही बिभीषण तात्यांच्या खळ्यावर गेलो. बजरंग आणि कानिफनाथ तिथंच बसले होते. डीपीवरच्या मोटरी याच तिघांच्या, आणि चौथी समर्थच्या घरची.

"आमी मोटर मागनं लावायची?" तात्या म्हणाले. "आन् ती बी समर्थ्याच्या कार्टूनपायी?"

"तात्या, यंदा तुमची मोटर जळाली का?"

तात्यांनी तंबाखूची चंची काढली. "दोनदा," बजरंगनं परस्पर सांगून टाकलं.

"सगळ्या एकदम सुरू होतात म्हणून व्होल्टेज पडतं. कमी व्होल्टेजवर मोटर तापते आणि जळते. एकामागून एक लावल्या तर कॉम्प्युटरही वाचेल, मोटरीही."

"ते पटलं. पर पयली कुणाची?"

तिघंही एकमेकांकडे बघू लागले. सगळं तिथंच मोडणार होतं...

"पहिली तात्यांची," समर्थ म्हणाला. "मग बजरंगदादा, मग कानिफनाथ. आमची सगळ्यांत शेवटी."

तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "बघ हां. रोज शेवटी."

"रोज."

इतक्या साधेपणानं तो म्हणाला की मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानं पाहिलं तेव्हाही नजर वळवायचं सुचलं नाही.

बुधवारी रात्री सगळ्या ऑटोंचे काटे बदलून झाले. गुरुवारी दुपारी थ्री फेज येणार होती, तीच पहिली कसोटी. फिल्मचा शेवटचा भाग कॉम्प्युटरवर तयार होत होता. तो बंद पडला असता, तर पुन्हा करायला वेळच उरला नव्हता. मी कॉलेज सुटताच गेले. दोघं पडद्यासमोर उभे राहिलो, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

थ्री फेज आली. लांबवर एक मोटर घुमली — ट्यूबलाईट थरथरली, सावरली. मग दुसरी. तिसरी. शेवटी घरामागची. मी बोटांवर चार मोजले.

पडदा उजळच होता. यंत्राचं एक चाक त्यावर शांतपणे फिरत राहिलं.

"झालं," मी कुजबुजले. समर्थ पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता.

"पुण्याला मेल लिहून ठेवलाय. येत नाही म्हणून." तो अडखळला. "पाठवू?"

"ते मी कसं सांगणार?"

"तुम्हीच सांगा, सृष्टी. कामाचं म्हणाल तर आजपासून इथंच जमेल. पण मी... नुसतं कामासाठी थांबत नाहीये."

वर्गात मला कधी शब्द शोधावे लागत नाहीत. तेव्हा लागले.

"एका दुपारवरून निष्कर्ष काढत नाहीत," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. मला ते सोसवेना.

"पुन्हा पुन्हा बघावं लागतं," मी घाईनं म्हणाले. "उद्या... परवा. उन्हाळ्यात. पुढच्या वर्षीसुद्धा. म्हणून... तू इथं असायला हवास."

त्यानं डाव्या हातानं मेल पाठवला. उजव्या हातात माझा हात होता. तो कधी घेतला, ते मात्र माझ्या निरीक्षणातून सुटलं.