सेफाच्या आईचं गाव

“तुझी आई कुठल्या गावची?”

मासिनानं विचारून टाकलं, आणि दोरखंडाच्या वेटोळ्यामागे लपलेल्या लोसा आणि तालिता हसू दाबता दाबता एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांचीच होती. सवाईई बेटाला निघालेल्या बोटीवर, वरच्या डेकच्या कठड्याला टेकून तो मुलगा उभा होता. कानामागे चाफा, अंगात एका बाहीला उसवलेला रग्बीचा सदरा. त्याला हाच प्रश्न विचारायचा. नाव विचारलं तर पैज हरली.

प्रश्न दिसायला साधा. पण सामोआत मुलीनं अनोळखी मुलाला त्याच्या आईचं गाव विचारणं म्हणजे अर्धी मागणी घालणंच. एका गावची, एका रक्ताची मुलं म्हणजे सगळी भावंडं. आणि भावाबहिणीत थट्टेचं एक अक्षरसुद्धा चालत नाही, मग बाकीचं तर सोडाच. म्हणून मुली आधी गाव विचारतात. आडून, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून. असं तोंडावर कोणी विचारत नाही.

त्यानं मान वळवली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग दोरखंडाखालून बाहेर आलेल्या चार पावलांकडे.

“कोणासाठी विचारतेस? स्वतःसाठी, की त्या पायांसाठी?”

“स्वतःसाठी.” गेल्याच महिन्यात मासिनानं वादविवादात अख्ख्या शाळेसमोर परीक्षकांची बोलती बंद केली होती. ती एका मुलाला काय घाबरणार?

“मग बसून सांगावं लागेल. आमच्या आईची गोष्ट मोठी आहे.”

“थोडक्यात सांग. धक्का जवळ आला.”

“येऊ दे की. धक्का कुठे पळून जातोय?” तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटत होता... आणि हे आपल्या लक्षात का राहतंय, याचाच मासिनाला राग आला. “मी सेफा. आणि माझी आई—”

जिन्यावर पावलं वाजली. मासिनाचा थोरला भाऊ सामुएलु हातात शहाळी घेऊन वर आला.

“कोणाशी बोलतेयस गं?”

तिनं वळून पाहिलं, तर सेफा नव्हताच. म्हणजे होता, पण पाठ करून. समुद्र जणू आज पहिल्यांदाच दिसत असावा असा त्याच्याकडे बघत उभा होता.

“कोणाशीच नाही,” मासिना दातओठ खात म्हणाली.

भावासमोर मुलानं असंच वागायचं असतं, तोच सभ्यपणा, हे तिला माहीत होतं. पण सभ्यपणा इतक्या चपळाईनं करायचा? वाक्य तरी पुरं करायचं माणसानं.

---

सवाईईला गोल फेरी मारायची हा बेत तिघींनी वर्षभर उराशी धरला होता. पुढच्या वर्षी शाळेचं शेवटचं वर्ष, मग कोण कुठे जाईल कुणास ठाऊक. घरच्यांनी एकाच अटीवर होकार दिला, की पिकअप सामुएलु चालवणार. म्हणून सामुएलु पुढे एकटा मोठमोठ्यानं गात होता आणि तिघी मागे उघड्यावर गादीवर लोळत होत्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लाव्ह्याचा काळा खडक. मध्येच एक सर येऊन सगळ्यांना भिजवून गेली आणि पुढच्या वळणापर्यंत उन्हानं कपडे वाळवूनही टाकले.

“मग? कुठल्या गावची निघाली सासूबाई?” लोसानं विचारलं.

“नाव घेऊ नकोस त्याचं.”

“मी कुठे त्याचं घेतलं? मी आईबद्दल विचारतेय.”

“भित्रट आहे तो.”

“बरं. भित्रट. पण दिसायला?” तालितानं डोळे मिचकावले.

“दिसायला पण भित्रट.”

“मग सकाळपासून त्याच्याचबद्दल का बोलतेयस?”

मासिनानं शहाळ्याची रिकामी करवंटी तिच्या दिशेनं फेकली. नेम चुकला. आज काहीच धड होत नव्हतं.

वाइतोलु नावाच्या गावात शिरताना सूर्य टेकला होता. तेवढ्यात घण्ण... असा आवाज झाला. झाडाला टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरवर कोणीतरी लोखंडी कांब हाणली होती. सांजप्रार्थनेचा टोल. रस्त्यावरची पोरं घराकडे पळाली, कोंबड्याही पळाल्या.

“सामुएलु, थांब,” मासिना काचेवर मूठ आपटत ओरडली.

“पहिला टोल आहे हा. दुसऱ्यापर्यंत गाव पार करू.”

आपियात, शहरात, कोण अडवतो? तिथे वाढलेल्या माणसाकडून हीच चूक होणार. पहिला टोल घरी पोचायला आणि दुसरा प्रार्थनेला, मग रस्त्यावर कोणी हलायचं नाही, एवढं सामुएलुला ठाऊक होतं. गाव किती लांब, ते नव्हतं. ते संपता संपेना. ख्रिस्ती देवळाशी पोचले आणि दुसरा टोल पडला. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरे सदरे आणि कमरेला एकसारख्या निळ्या लाव्हालाव्हा, म्हणजे लुंग्या, गुंडाळलेले गावचे तरुण पहाऱ्याला उभे होते. त्यातल्या एकानं पुढे येऊन हात वर केला.

एका डोळ्यानं आधी हसणारा तोच चेहरा. या वेळी मात्र दोन्ही डोळे गंभीर.

“उतरा. गवतावर बसा. माना खाली.”

“तू?” मासिनाच्या तोंडून निघून गेलं.

सेफानं ओठांवर बोट ठेवलं. तिच्या ओठांवर नव्हे, स्वतःच्या. तरी तिचे कान तापले.

घराघरांतून स्तोत्राचे सूर निघाले आणि भिंती नसलेल्या घरांमधून सरळ रस्त्यावर आले. बायका वरच्या पट्टीत, पुरुष खर्जात. मासिना मान खाली घालून बसली होती आणि मनात एकही पवित्र शब्द नव्हता. सकाळी तोंड फिरवलं, आता तोंड बंद करतो. मी म्हणजे काय, बोटीवरची पिशवी? तिनं तिरक्या नजरेनं वर पाहिलं. तो डोळे मिटून ताठ उभा होता. मग डावा डोळा हळूच उघडला, तिला पाहिलं, आणि पुन्हा मिटला.

आता तर हद्द झाली.

---

प्रार्थना संपल्याच्या तिसऱ्या टोलानंतर गावचे एक म्हातारे प्रमुख काठी टेकत आले.

“शहरातली का? आज देवानं तुमच्या गाडीचा आवाज ऐकला. आमचा नाही ऐकला.”

सामुएलुनं मान आणखी खाली घातली. मग शिक्षा ठरली. रात्री मुक्काम गावातच, आणि सकाळी सामुएलुनं गावच्या पोरांबरोबर मळ्यात जाऊन तारोचे कंद वाहून आणायचे. मुलींना शिक्षा नाही. मुलींना जेवण. आणि जेवण कोणाकडे, तर सेफाच्या घरी.

सेफाची आई, आसेनाती, अंगानं भरलेली, केसांत लाल जास्वंद, आवाज चांगला खणखणीत. नारळाच्या दुधात शिजवलेली अळवाची पानं वाढता वाढता ती मासिनासमोर थांबली.

“माझं गाव विचारणारी ती तूच का?”

लोसाला ठसका लागला. तालितानं तोंड जेवणाच्या पानात खुपसलं. मासिनानं सेफाकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर वाळूत पुरला गेला असता. घरी येऊन आईला सांगितलं? मुलगा आहे की वर्तमानपत्र?

“गंमत होती, मावशी. पैज होती.”

“पैज का असेना, विचारलंस तर सांगते. मी मालोआताची.”

सामुएलुचा हात घासासकट थांबला. मग त्याचा चेहरा असा उजळला, की जणू उद्याची शिक्षा माफ झाली.

“मालोआता? अहो, आमच्या वडिलांचं गाव ते. म्हणजे हा आपलाच. मासिना, भाऊ निघाला की गं तुझा.”

“वा,” पंगतीला बसलेले प्रमुख म्हणाले. “रक्ताला रक्त सापडलं.”

आणि त्या क्षणी सगळं बदललं. सेफा काही न बोलता उठला आणि पलीकडच्या खांबाशी, पुरुषांत जाऊन बसला. तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. आता कधीच पाहायचं नाही, तिनंही नाही. थट्टा नाही, हसणं नाही, ‘पाय कोणाचे’ वगैरे तर मुळीच नाही.

लोसानं हळूच तिचा हात दाबला. मासिनानं तो सोडवून घेतला. रडू येत नव्हतं, संताप येत होता. घास तोंडात घेताना तो मुलगा होता, गिळेपर्यंत भाऊ झाला. सामुएलुनं ठरवलं, म्हाताऱ्यानं मान डोलावली, झालं. मला कोणी विचारलं?

---

सकाळी सामुएलु खांद्यावर कावड घेऊन मळ्यात गेला. मासिना मागच्या चुलीपाशी आसेनातीबरोबर हिरवी केळी सोलत होती. लोसा-तालिता समुद्रावर गेल्या होत्या. मासिना गेली नाही. कोणाच्या तोंडी लागायची तिची इच्छाच नव्हती.

“तुझे आजोबा देवळात पहिल्या ओळीत बसायचे,” आसेनाती सहज म्हणाली. “बसायचे आणि घोरायचे. माझे वडील प्रवचनात मुद्दाम आवाज चढवायचे, तरी ढिम्म.”

मासिनाच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

“तुमचे वडील... प्रवचन करायचे?”

“मग? आयुष्य गेलं त्यांचं मालोआताच्या देवळात. माझा जन्मही तिथल्या पाद्रीघरातला.”

मासिना उभीच राहिली. कोणतंही गाव आपल्या रक्ताचा पाद्री ठेवत नाही. तो नेहमी परगावचा आणतात, म्हणजे कोणाची बाजू घेणार नाही. हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. आसेनाती मालोआताची होती, पण मालोआताचं रक्त तिच्यात थेंबभरही नव्हतं. सेफात तर कुठून येणार?

“मग काल बोलला का नाहीत तुम्ही?”

“मला कोणी पुढचं विचारलं? तुझा भाऊ तर भाऊ सापडल्याच्या आनंदात नाचत होता.” आसेनातीनं केळ्याची साल टोपलीत टाकली. “आणि खरं सांगू? माझा मुलगा तोंड उघडतो का, ते मला बघायचं होतं.”

म्हणजे त्याला माहीत होतं. स्वतःचे आजोबा पाद्री होते हे त्याला माहीत नसणार का? माहीत असून तो उठला, खांबाशी जाऊन बसला, आणि मुकाट्यानं भाऊ झाला.

मासिना तरातरा किनाऱ्यावर गेली. हातातली सुरी चुलीशी ठेवून गेली, एवढी शुद्ध राहिली हेच नशीब.

मळ्यातून पहिली खेप आणून सेफा माडाखाली होडीची दोरी सोडवत बसला होता. लोसा-तालिता पाण्यात होत्या. मासिनाला येताना पाहून त्या लगेच आणखी खोल पाण्यात गेल्या.

“तू माझा भाऊ आहेस?”

“नाही,” तो म्हणाला.

“मग काल दातखीळ बसली होती?”

“काल...” त्यानं दोरी उगाच गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. “तुझ्या भावासमोर, प्रमुखांसमोर मी उठून म्हणायचं, ही माझी बहीण नाही? सगळ्यांना कळलं असतं.”

“काय कळलं असतं?”

“की मी असं का म्हणतोय.”

“का म्हणतोयस?”

त्याचे कान लाल झाले, मग मानही लाल झाली.

“मासिना, तुला सगळं कळतंय.”

“मला काही कळत नाही. दोन दिवस मी तुझी पाठ बघतेय. आज तोंडानं सांग.”

“तू आवडतेस,” सेफा म्हणाला. दोरीकडे नव्हे, तिच्याकडे बघून. “बोटीवर विचारलंस तेव्हाच. असं कोणी सरळ विचारतं का? आईला सांगितलं ते चहाडी म्हणून नाही... पोटात मावेना म्हणून सांगितलं.”

मासिनाचा राग असा काही हलला, की तिला दोन्ही पाय वाळूत घट्ट रोवावे लागले. पण सोडायचा नव्हता तिला तो. इतका चांगला राग रोज रोज येत नाही.

“बरं,” ती म्हणाली. “मग आता काय करणार?”

“माझा एक मित्र आपियात असतो. बोलण्यात हुशार आहे. त्याला निरोप घेऊन पाठवतो, मग तू तुझ्या मैत्रिणीकडून—”

“नाही.”

“अगं, पद्धत आहे ती.”

“तुझा मित्र माझ्या मैत्रिणीशी बोलणार, मैत्रीण माझ्याशी, आणि आपण दोघं तिसरीकडेच समुद्र बघत उभे? मला निरोप्या नको. येत्या रविवारी आमच्याकडे ये. दुपारी, जेवायला. पुढून, रस्त्याच्या बाजूनं ये, मागच्या चुलीकडून नाही.”

“तुझे वडील मला हाकलतील.”

“हाकलू देत. पुढून आलास तर पुढूनच हाकलतील. निदान मला दिसेल तरी.”

त्याचा डावा डोळा मिटला. मग उजवा. या वेळी तीही हसली. जराशीच, पण त्याला दिसेल इतकी.

---

घरी पोचल्यावर आई रविवारचे पांढरे कपडे इस्त्री करत होती आणि वडील पंख्याचं पातं पुसत होते. सामुएलु दारातूनच सांगत सुटला, “वाइतोलुत आपला एक भाऊ सापडला, बाबा—”

“सामुएलु, तू पिकअप धुवायला जा,” मासिना म्हणाली.

“आत्ता?”

“आत्ताच. मी जे बोलणार आहे ते भावासमोर बोलायचं नसतं. आणि तो आपला भाऊ नाही. त्याचे आजोबा मालोआताचे पाद्री होते. काल रात्रीच विचारलं असतंस तर कळलं असतं.”

सामुएलुनं तोंड उघडलं, बहिणीचा चेहरा पाहिला आणि बादली उचलून बाहेर गेला.

आईनं इस्त्री उभी केली. वडिलांच्या हातातलं फडकं थांबलं.

“रविवारी आपल्याकडे एक मुलगा जेवायला येणार आहे,” मासिना म्हणाली. आवाज थोडा कापला, म्हणून तिनं तो आणखी मोठा केला. “सेफा नाव त्याचं. मी बोलावलंय, त्यानं नाही विचारलं. लग्नाबिग्नाचं काही नाही, मी शाळा पुरी करणार, पुढेही शिकणार. पण लपूनछपून, निरोपे पाठवून मी काही करणार नाही. बाबा, तुम्ही त्याला घराणं विचारा, गाव विचारा, हवं ते विचारा. फक्त तो मला आवडतो की नाही, हे सामुएलुला विचारू नका, शेजाऱ्यांना विचारू नका, त्यालाही विचारू नका. मला विचारा.”

कोणीच काही विचारलं नाही.

“आवडतो,” मासिना म्हणाली.