प्रतिनदी

सकाळचा चहा गार होईपर्यंत दोन-तीन नद्या सोडून पाहायच्या, ही शलाका घोरपडेची सवय होती. नद्या म्हणजे प्रतिनद्या. धरणाखालच्या सोनवतीची संगणकात वाहणारी हुबेहूब नक्कल. हव्या तेवढ्या करा, दरवाजे उघडा, पूर आणा, नाही पटलं तर पुसून टाका. प्रत्येक नक्कल आपापल्या कप्प्यात बंद असल्यामुळे खऱ्या नदीला त्याचा पत्ताही लागत नसे.

पाणी सोडायची आज्ञा मात्र लांबलचक. त्यात दर वेळी संगणक विचारायचा, ‘पात्रात माणसं आहेत?’ आता प्रतिनदीत कुठली आलीत माणसं! ‘नाही’ लिहून लिहून शलाकाला वीट आला. मग तिनं ‘सोड’ नावाचा शॉर्टकट बनवला. तोच आज्ञा द्यायचा आणि ‘नाही’ म्हणून मोकळाही व्हायचा. सगळ्या कार्यालयानं तो हसतहसत उचलला.

आज उन्हाळी आवर्तन होतं, खरं पाणी सोडायचं होतं. शलाकानं खऱ्या दरवाज्यांशी जोडणी केली, जोडलेल्या नदीचं नाव दोनदा वाचलं आणि तिच्या बोटांनी सवयीनं ‘सोड’ लिहिलं. दरवाजे उचलले गेले.

फारच पटकन झालं. काहीतरी राहिलंय, असं तिला वाटत राहिलं. तिनं पडद्यावर थोडं मागं जाऊन पाहिलं. ‘पात्रात माणसं आहेत? नाही. उत्तर: घोरपडे.’

सर्जेराव! कोरड्या पात्रात कलिंगडं लावणारा म्हातारा. परवा फाटकाशी आला होता, तेव्हा “फोन केल्याशिवाय पाणी सोडणार नाही, काका,” असं तिनंच त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं.

तिनं घाईघाईनं ‘मागे’ लिहिलं. प्रतिनदीत या एका शब्दानं सगळं पाणी धरणात परतायचं. इथं दरवाजे तेवढे खाली आले. सुटलेलं पाणी वळणाआड गेलं होतं.

“इनामदार, नदीकाठचा इशाऱ्याचा भोंगा का नाही वाजला?” ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर ओरडली.

“माणसं नाहीत म्हटल्यावर तो कशाला वाजेल? तूच तर...” बोलता बोलता इनामदार थांबला आणि हातानं भोंगा दाबायला धावला.

तिनं सर्जेरावला लावलेला फोन तिकडे नुसता वाजत होता. शलाका खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. अखेर तो उचलला गेला.

“ताई, मी वर आलोय,” सर्जेराव धापा टाकत होता. “येलं गेली, जाऊ द्यात. पर आमची कारभारीण पल्याडच्या वाफ्यात हुती. हाका मारतोय, ओ दीना.”

“बचावाची माणसं पाठवते काका, आत्ता पाठवते!” तिनं इनामदारला खूण केली. तो जीपकडे पळाला.

“ताई, पाणी सोडताना आमचं कुणी इचारलंच न्हाई व्हय?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते जमलं नाही.

“विचारलं होतं, काका.”

“मग? काय सांगितलंसा?”