हरिओमच्या वाफ्यातली माती

"काय चोरून राह्यल्या, मॅडम?"

सुचिता दचकली. सोनाळ्याच्या शिवारात, टमाट्याच्या वाफ्यात ती गुडघे टेकून बसली होती. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मातीनं अर्धी भरलेली बाटली. बांधावर एक उंच तरुण उभा होता. डोळ्यांत राग कमी... हसूच जास्त.

"मालक दिसला नाही म्हून... माती घेऊन राह्यली," ती बोलून गेली आणि स्वतःच चपापली. पुण्यात संशोधन करताना सहा वर्षं जी बोली तिनं जिभेवर येऊ दिली नव्हती, ती आज आपसूक आली होती.

"अरे! इकडच्याच तुमी?"

"शेगावची."

"मंग चोरी माफ!"

त्याचं नाव हरिओम. त्याच्या चार ओळी मर रोगानं माना टाकून बसल्या होत्या, आणि मधलं एकच झाड हिरवंगार उभं होतं. सुचितानं त्याला समजावलं — हा रोग जिवाणू आणतो. पण त्या जिवाणूलाच खाणारा, त्याच्याहून बारीक विषाणू असतो. त्याला फाज म्हणतात. वाचलेल्या झाडाच्या मुळाशी तो सापडू शकतो.

"म्हंजे रोगालेच रोग होते?" हरिओम हसला. "मंग मले बी द्या एखादा. आजपासून झोप काही लागत नाही, असं दिसते..."

ती लाजली. बाटलीचं झाकण उगाच दोनदा घट्ट केलं.

पुण्यात त्या मातीतून खरंच फाज निघाला. काचेच्या बशीतल्या जिवाणूंच्या दुधी थरावर, जिवाणू मेले तिथे, स्वच्छ गोल ठिपके पडले. पुढे जनुकं तपासली, तर तो कुठल्याच ज्ञात गटात बसेना. ही बातमी तिनं मार्गदर्शक सरांच्या आधी हरिओमला फोनवर दिली.

"कूळच सापडत नाही रे त्याचं."

"मंग आपलं देऊ," तो म्हणाला.

फाल्गुनात तिनं आणखी माती मागितली, तर तो स्वतःच डबा घेऊन पुण्यात आला. प्रयोगशाळेच्या दारातून मोकळ्या आवाजात म्हणाला, "सुचिता, आनली बरं का! कुठी ठेवू?"

"कुठी ठेवू!" मागून कुणीतरी नक्कल केली. सगळे हसले.

सुचिताही हसली.

"तिथे ठेवा," ती शुद्ध, कोरड्या मराठीत म्हणाली. मग मैत्रिणींकडे वळून — "आमचे नमुने आणून देतात हे."

हरिओमनं तिच्याकडे एकदाच पाहिलं. डबा हळूच टेबलावर ठेवला आणि निघून गेला. ती खिडकीशी धावली. तो फाटकाकडे चालला होता. हाक मारावी... पण कोणत्या बोलीत मारावी, तेच तिला कळेना. तोवर तो दिसेनासा झाला.

मग त्यानं फोन उचलला नाही. घरून आईचा फोन आला, आणि तीच बोली सुचिताच्या कानावर पडली. आपण त्याच्यावर हसलो, म्हणजे आईवरही हसलो. या विचारानं अन्न गोड लागेना. शेवटी शुक्रवारच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "त्या दिवशी ज्यांच्यावर आपण हसलो, त्यांच्याच शेतात हा फाज सापडलाय. मी ओळख लपवली. मीही घरी तसंच बोलते." मान वर करून हे सांगायचं ठरवलं होतं; पण मान खालीच राहिली.

दुसऱ्या आठवड्यात फाजचं पाणी घेऊन ती सोनाळ्याला गेली. हरिओम नवी रोपं लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"हरिओम... मले लाज वाटली होती. तुही नाही, माहीच. अन् आता त्या लाजंचीच लाज वाटून राह्यली."

"हसली थे लागलं नाही मले," तो रोपाभोवती माती दाबत म्हणाला. "'ठेवा' म्हणली, थे लागलं."

तिचे डोळे भरले. ती शेजारी बसली आणि रोपांच्या मुळाशी ते पाणी घालू लागली. अख्खी ओळ संपल्यावर त्यानं विचारलं,

"पुण्याले कवा जाशीन?"

"सोमवारी."

"अन् परत?"

"तू बोलावशीन तवा."

"मी नाही बोलावत."

तिच्या हातातलं भांडं कलंडलं.

"पाणी सांडू नको, वेडे," हरिओम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मीच येतो ना शेगावले... तुह्या बाबाले इचारायले."