घोडा, कपाट की काहीच नाही

शिंपीकाका म्हणत होते, घोडा. पोस्टमास्तर म्हणत होते, कपाट.

दोघांनी आदल्या रविवारी आपापल्या घरी टीव्हीवर एकच सिनेमा पाहिला होता. त्यात एक प्रसंग असा, की मुलगी घर सोडून निघते. पिशवी उचलते, दाराची कडी काढते, क्षणभर थांबते आणि जाते. सगळा कारभार अंधारात. आणि मागच्या कोपऱ्यात, काळ्यावर काळं, काहीतरी उभं.

काकांचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर. मास्तर वरच्या मजल्यावरचे, पण पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा खरा पत्ता काकांच्या दुकानातलं स्टूल हाच होता. त्या दिवशी घोडा आणि कपाट या विषयावर दोघांनी अर्धी सकाळ खर्ची घातली. काकांनी घोड्याचे कान पाहिले होते. मास्तरांनी कपाटाची मूठ पाहिली होती. शेवटी पैज लागली.

दुकानात एक विदूषकाचा झगा सहा वर्षं पडून होता. पिवळाजर्द, त्यावर बशीएवढे लाल ठिपके, गळ्याला चुण्यांची झालर. ज्याने शिवायला टाकला तो न्यायला फिरकलाच नाही. ठरलं असं, की हरेल त्याने तो झगा घालायचा, नाक लाल करायचं आणि येत्या रविवारी सकाळी दुकानाच्या दर्शनी काचेत पुतळा होऊन तासभर उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. हललं, की तास पुन्हा पहिल्यापासून.

निवाडा करायला माणूसही आयताच आला. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी जॅकेटची चेन बदलून न्यायला आली होती. ती सिनेमांचे रंग ठीकठाक करायच्या स्टुडिओत कामाला. धंद्यात तिला कलरिस्ट म्हणत, काका मात्र रंगारीणबाई म्हणत.

"तो सिनेमा मी पाहिलाय," ती म्हणाली. "घोडा नाही आणि कपाटही नाही. तिथे काहीच नाही. दाखवायला काही नसलं, की हे कॅमेरामन लोक दिवे बंद करतात आणि त्याला शैली म्हणतात. पैजेत मलाही धरा."

तेवढ्यात कपडे घालून बघायच्या कोपऱ्यातला पडदा सरकला. आत एक माणूस होता, हे काका साफ विसरले होते. तो बाहेर आला... पँटचा एक पाय टाचण्यांनी वर दुमडलेला, दुसरा जमिनीवर लोळणारा.

"तिथे बाप आहे," तो म्हणाला.

तिघांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मुलीचा बाप. तो सगळा वेळ तिथे उभा असतो. तिला जाताना बघतो आणि अडवत नाही. अख्खा सिनेमा त्याच्यासाठी आहे." त्याने घसा साफ केला. "मीच शूट केलाय."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, जणू चूक चष्म्याची होती. काकांनी विषय बदलायला टेप उचलली. रंगारीणबाईला मात्र गप्प बसायचं वळण नव्हतं. तिने सांगून टाकलं, की या सिनेमाचं रंगकाम तिच्याच स्टुडिओत झालं, तिच्या सिनियरने केलं, आणि एचडीआरच्या, म्हणजे भारी टीव्हीसाठीच्या रूपाच्या, कामाला कॅमेरामनसाहेब एकदाही उगवले नव्हते, अशी स्टुडिओत ख्याती होती.

"मला एचडीआर आवडत नाही," तो म्हणाला. "टेबलावरचा दिवा असा भगभगीत दिसतो, की लोक दिव्याकडेच बघतात. माणूस राहतो बाजूला. पण ते असो. तुम्ही माझा सिनेमा कुठे पाहिलात?"

तिने चेन दोनदा वर-खाली करून पाहिली.

"फोनवर," ती म्हणाली. "बसमध्ये."

मास्तर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनी त्या माणसाचं तिथल्या तिथे अंधारे असं बारसंही करून टाकलं. तो हसला, पण अर्धाच. मग पँटचा पाय सावरत त्याने सांगितलं, की सगळीकडून हीच तक्रार येतेय, काही दिसत नाही. निर्माते शुक्रवारी ठरवणार होते, पुढचा सिनेमा त्याला द्यायचा की दिवे लावणाऱ्या कुणाला. आधीचे दोन असेच गेले होते. हाही गेला, तर त्याला लग्नाच्या शूटिंगकडे वळावं लागणार होतं, आणि तिथे अंधार चालत नाही.

तिला वाईट वाटलं. वाईट वाटलं, की तिची जीभ आणखी तिखट व्हायची. "उद्या दहाला स्टुडिओत या," ती म्हणाली. "तुमचा बाप शोधू."

दुसऱ्या दिवशी तो लाल शर्ट घालून आला.

तिची खोली करड्या रंगाची. भिंती करड्या, खुर्च्या करड्या, आणि कामाच्या वेळी तीही करड्या स्वेटरमध्ये. कारण रंगीत कपड्याची झाक डोळ्यांवर पडते आणि पडद्यावरचा रंग फसवतो. तिने खुंटीवरची स्वतःची करडी शाल काढली आणि त्याच्या अंगावर टाकली. शालीला तिच्या साबणाचा वास होता. हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याच्या लक्षात आलंय हे तिच्या.

"आजारी माणसासारखा दिसतोय का मी?"

"आजारी बरे. ते स्वस्थ बसतात."

तिने तो प्रसंग एचडीआरमध्ये लावला. मुलीने पिशवी उचलली. मागे, काळ्या भिंतीपुढे काळ्या कोटातला माणूस स्वच्छ उभा होता. कोटाचं एक बटण लटकत होतं. उजव्या डोळ्यात पाणी होतं, पडत नव्हतं. दिवा भगभगत होता खरा, पण त्याचा उजेड त्या डोळ्यापर्यंत पोचत होता.

तो पुढे सरकून पडद्याजवळ वाकला. ते बटण लटकतंय, हे त्याला शूटिंगच्या दिवशीसुद्धा दिसलं नव्हतं.

"आलो असतो, तर..." तो म्हणाला.

"आला असतात, तर भांडला असतात."

मग तिने साध्या टीव्हीसाठीचं रूप लावलं. कोपऱ्यात घोडा होता. किंवा कपाट.

संध्याकाळी काकांनी दुकानात विचारलं, हे एचडीआर प्रकरण आहे तरी काय. तिने त्यांच्याच भाषेत सांगितलं. ते म्हणजे आठ मीटर कापड, भरपूर उजेड आणि भरपूर अंधार. साध्या टीव्हीचं माप दीड मीटर. कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, हे डोळ्याने बघून हाताने ठरवावं लागतं. मशीनवर सोडलं, तर मशीन बाही उडवतं. इथे मशीनने बाप उडवलाय.

"म्हणजे कापणाऱ्याची चूक," काका म्हणाले.

"कापणाऱ्याचीच," ती म्हणाली.

साधं रूप नव्याने करायचं ठरलं. चार दिवस दोघं भांडत होते आणि अशा भांडणाला लोक दुसरं काहीतरी नाव देतात, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं. तो म्हणे, कोपरा एक पायरी उजळ करा. ती म्हणे तीन. तो म्हणे, अंधार हेसुद्धा पात्र आहे. ती म्हणे, मग त्याला मानधन द्या आणि बाजूला बसवा, लोक चेहरे बघायला येतात. हलत्या कॅमेऱ्यावरून तिने विचारलं, त्या दिवशी थंडी होती का. त्याने विचारलं, हल्ली प्रत्येक सिनेमात माणसं भोपळ्याच्या रंगाची आणि आकाश शाईच्या रंगाचं का असतं, तुमच्याकडे दोनच डबे आहेत का. ती उत्तर द्यायला वळली आणि शालीच्या आत तो हसताना दिसला. मग तिला उत्तरच आठवेना.

बुधवारी तो सहज "तू" म्हणून गेला. दोघांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

गुरुवारी दुपारी परीक्षा झाली. स्टुडिओतल्या महागड्या पडद्यावर तिचा विश्वास नव्हता. तिची परीक्षा म्हणजे काकांच्या दुकानातला कपड्यांच्या गठ्ठ्यांमागचा जुना टीव्ही. ट्यूबलाइट चालू, दार सताड उघडं, रस्त्यावरचं ऊन काचेवर. मुलीने पिशवी उचलली. कडी काढली. काका पुढे वाकले.

"अरे... उभा आहे," मास्तर म्हणाले. "उभा आहे आणि थांबवत नाहीये तिला."

काकांची मुलगी सहा वर्षांपूर्वी परदेशी गेली होती. ते मशीनकडे वळले आणि सुईत आधीच ओवलेला दोरा काढून पुन्हा ओवत बसले.

तिने कॅमेरामनकडे पाहिलं. तो पडद्याकडे नाही, काकांकडे बघत होता. त्या नजरेत पुढचा सिनेमा वगैरे काही नव्हतं. हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिला तिथे, ट्यूबलाइटच्या उजेडात, अगदी रोखठोक कळलं.

नवं रूप पाठवायला ती स्टुडिओत परतली. फॉर्मवर जुन्या कामाचा क्रमांक लिहायचा होता. तो शोधताना जुना कागद निघाला. साधं रूप मशीनने केलेलं. खाली शेरा, 'पाहिले, योग्य आहे'. आणि सही तिची.

तिला तो दिवस आठवला. अकरा सिनेमे रांगेत होते. स्टुडिओत सगळेच करायचे तसंच तिने केलं होतं. प्रत्येकाची पहिली दहा आणि शेवटची दहा मिनिटं बघायची आणि सही ठोकायची. बाप मधल्या मिनिटांत उभा होता.

गप्प बसली असती, तर कुणाला काही कळणार नव्हतं. नवं रूप चांगलंच झालं होतं. पण निर्मात्यांच्या लेखी अंधार त्याचाच राहणार होता... आणि ती त्याच्याशी अंधाराच्या शैलीवर भांडत बसणार होती, स्वतःची सही दडवून.

तिने त्याला स्टुडिओच्या जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. अकरा सिनेमांच्या रांगेपासून सहीपर्यंत.

"चार दिवस तुम्ही मला ऐकवत होता," तो शेवटी म्हणाला.

'तुम्ही' तिला लागलं. "हो," ती म्हणाली.

तो जिना उतरून गेला. तिने निर्मात्यांना पत्र लिहिलं, की कॅमेरामनने बाप दाखवला होता, आमच्या स्टुडिओत तो अंधारात गेला, सही माझी आहे. नवं रूप सोबत आहे. पत्राची प्रत स्टुडिओच्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. मालकीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. पुढच्या महिन्यात येणारा मोठा सिनेमा तिच्या यादीतून काढला, एवढंच. तो सिनेमा मिळावा म्हणून ती दोन वर्षं राबली होती.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. त्याचा फोन नाही.

रविवारी सकाळी दुकानात हरलं कोण, यावर खल चालू होता. काकांचं म्हणणं, घोडा निदान जिवंत असतो, म्हणजे बापाच्या जवळपास तेच पोचले. मास्तरांचं म्हणणं, घरातल्या बापाला कपाटापेक्षा जास्त कोण विचारतं. दोघांनाही झगा नको होता.

"आणा इकडे," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं तिथे काहीच नाही. आणि ते 'काहीच नाही' मीच केलं होतं."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चेष्टा करायची संधी होती, पण त्यांनी ती सोडली. काकांनी झालर नीट केली, मास्तरांनी तिचं नाक रंगवलं आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

काचेत ती उभी राहिली. रस्ता जमला. एका बाईने किंमत विचारली. एका आजीने काचेवर टकटक करून पाहिली. शाळेतल्या मुलींनी शक्य तितकी तोंडं वाकडी केली. ती हलली नाही. बावन्न मिनिटं झाली.

तेव्हा तो आला. काखेत थर्मोकोलचा भलामोठा पांढरा ताव. कुणाशी न बोलता त्याने तो काचेसमोर उन्हात धरला, थोडा डावीकडे, थोडा खाली. उजेड तिच्या चेहऱ्यावर सरकला आणि स्थिरावला.

"हां. आता दिसतेस," तो म्हणाला.

मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं.

"काल बोलावलं होतं त्यांनी. सिनेमा मिळाला. तुझं पत्र मला वाचून दाखवलं." तो तावाआडून बोलत होता, त्यामुळे ताव थरथरत होता. "दोन दिवस मी रागावलो होतो. मग आठवलं, मी त्या खोलीत आलो असतो, तर तुला सही करायची वेळच आली नसती. मी त्यांना सांगितलंय, रंगाचं काम तूच करणार. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, डोळ्यांनी बघून. आणि मी रोज येणार. करडे कपडे घालून."

काचेतला पुतळा श्वासही जपून घेत होता.

"त्यानंतरही यायचंय मला. सिनेमा संपला तरी. तू तीन पायऱ्या म्हणशील, मी एक म्हणेन. असं जन्मभर चालेल का तुला?"

"सात मिनिटं राहिली," मास्तर म्हणाले. "घाई नाही. थांबता येईल."

तो थांबला. रस्ता थांबला. काकांनी हातातली टेप गळ्यात अडकवली.

सात मिनिटं काही फार नसतात. तिने आधीची बावन्न काढली होती. पण त्या पांढऱ्या तावाच्या वर त्याचे नुसते डोळे दिसत होते आणि त्यांत खरोखरची भीती होती. तिने मान हलवली. एकदा नाही, दोनदा, चांगली झालर उडेपर्यंत.

"हलली," काका तृप्त होऊन म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि नवी वेळ जाहीर केली. रस्त्यावर टाळ्या पडल्या. त्याने ताव त्या शाळेतल्या मुलींच्या हातात दिला, कसा धरायचा ते दाखवलं आणि दुकानातून वळसा घालून काचेत शिरला. जागा दीड माणसाची होती. मास्तरांनी हात लांब करून त्याच्याही नाकाला रंग फासला, आणि मग ती दोघं एकमेकांकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून, तासभर अगदी स्तब्ध उभी राहिली.