कोपऱ्यातल्या टाकीचं परमिट

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. ज्यांना ठेवायचा नाही त्यांनी इथेच थांबावं. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. आणि आत्या खोटं बोलत नाही. तिला तशी गरजच पडत नाही. जे मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर टाकून ती मोकळी होते.

भुताटकी रात्रीची असते म्हणतात.

ही भर दुपारची. बाहेर कडक ऊन होतं.

आत्या वेब सर्व्हर बसवून देते. तिचं काम मी तिच्याच शब्दांत सांगते. साधा सर्व्हर म्हणजे कपाट. त्यात ठेवलेला कागद मागितला की तो काढून देतो, बस. पण त्याला स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचना, जोडली की कपाटाचा कारकून होतो. मागणी आली की त्या क्षणाची माहिती गोळा करतो, नवा कागद तयार करतो आणि तुमच्या समोर ठेवतो. कुठल्या फोल्डरमधली फाइल नुसती दाखवायची आणि कुठली चालवायची, हे त्याला आधी नीट शिकवावं लागतं. ते शिकवणं हे आत्याचं काम.

त्या दिवशी तिला रंगाच्या एका कारखान्यात बोलावलं होतं. साफसफाईसाठी कारखाना बंद होता. जुना सर्व्हर जळाला होता आणि त्याच्यावाचून सगळं अडलं होतं, कारण टाकीत उतरायचं परमिट तोच तयार करायचा.

रंगाच्या टाकीत उतरणं म्हणजे खेळ नव्हे. टाकी रिकामी दिसली तरी तळाच्या गाळातून वाफ सुटत असते. वास येईपर्यंत माणूस आडवा होतो. मास्कसुद्धा थोडीच वाफ अडवतो. म्हणून प्रत्येक टाकीला गॅसचा मीटर. परमिट मागितलं की स्क्रिप्ट त्या मीटरला विचारणार, आकडा दहाच्या आत असेल तर परमिट देणार, नाहीतर नाही.

फोरमनने तिला सर्व्हरच्या खोलीत नेलं. खोली म्हणजे टाक्यांच्या अंगणाला लागून असलेली एक छोटी केबिन. खिडकीतून सगळ्या टाक्या दिसायच्या. फोरमन उंचापुरा, हाताचा पंजा फावड्याएवढा, पण बोलणं अगदी हळू. काही लागलं तर हाक मारा ताई, म्हणाला आणि निघाला. दारात मात्र घुटमळला. कोपऱ्यातल्या टाकीकडे जाऊ नका, एवढंच म्हणाला.

का, ते सांगितलं नाही.

आत्याने सर्व्हर चालू केला. फोल्डर अजून रिकामं होतं, एक फाइल नव्हती. सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ नोंदवली जाते, ती खिडकी तिने बाजूला उघडून ठेवली. ही तिची सवयच आहे.

पहिली ओळ आली.

कुणीतरी परमिट मागत होतं. सर्व्हरने उत्तर दिलं होतं… पान सापडलं नाही.

तिला वाटलं, अंगणातला एखादा संगणक सवयीने विचारत असेल. मागणी कुठून आली ते तिने पाहिलं. कोपऱ्यातल्या टाकीजवळच्या स्क्रीनवरून. तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

तिथे स्क्रीन नव्हता. भिंतीवर रिकामी चौकट होती आणि तिच्यातून एक तुटकी वायर लोंबत होती.

दुसरी ओळ आली. आणि त्याच क्षणी बाहेरून…

टक.

लोखंडावर लोखंड आपटावं तसा आवाज. दबलेला. आतून आल्यासारखा.

तिसरी ओळ… टक.

मग थोडा वेळ काहीच नाही. ना ओळ, ना आवाज. ती स्क्रीनकडे टक लावून बसली. पंख्याची घरघरही जणू लांब गेली.

टक. आणि ओळ.

दुसरं कुणी असतं तर पर्स उचलून निघालं असतं. आत्याने काय करावं? तिने खुर्ची मागे सरकवली, चप्पल घातली आणि सरळ कोपऱ्यातल्या टाकीकडे चालू लागली. मी नंतर विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली ना. पण माझ्या सर्व्हरवर कोण येतंय ते मला कळायला नको?

टाकीच्या माथ्यावरचं झाकण बोल्टांनी घट्ट आवळलेलं होतं. बोल्टांवर गंज चढला होता. महिनोन्‌महिने कुणी हात लावलेला नव्हता. भोवती चिटपाखरू नव्हतं.

फोरमन धावत आला. आवाज त्यालाही ऐकू आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याला सांगावंच लागलं.

या टाकीत एक माणूस गेला होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. टाक्या धुण्यात त्याचं आयुष्य गेलं, नियमाला एकदम पक्का. परमिट हातात आल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. त्या दिवशीही त्याने इथल्या स्क्रीनवर परमिट मागितलं होतं. मिळालं. त्यावर गॅस शून्य लिहिलेला होता. मामा उतरला… आणि त्याला दोरीने वर काढावं लागलं. मास्क त्यानेच काढला असणार, असं नंतर ठरलं. त्याच्या बायकोला, मामींना, तेच सांगितलं गेलं. फोरमन म्हणाला, ताई, मी त्याच्याबरोबर वीस वर्षं काम केलं, मामा मास्क काढणारा माणूस नव्हता. पण माझं कोण ऐकणार?

 आत्या केबिनमध्ये परतली आणि कारखान्याने जपून ठेवलेल्या प्रतीवरून जुन्या स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर उतरवल्या. चालवायच्या कशा, हे सर्व्हरला अजून शिकवलं नव्हतं. अशा वेळी पान मागितलं तर स्क्रिप्टचा कच्चा मजकूर दिसायला हवा.

तिने पान मागितलं.

पूर्ण तयार परमिट समोर आलं.

टाकी: कोपऱ्यातली. आत: एक. बाहेर: शून्य. वेळ… त्या क्षणाची.

तिने पुन्हा मागितलं. वेळ पुढे सरकली. बाकी सगळं तेच. तिने सर्व्हर बंद केला. पान येतच राहिलं. तिने केबल उपटून हातात धरली. पान येतच राहिलं.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं, हे ती स्वतः कबूल करते. पण पळाली ती नाही. तिने केबल परत लावली, सर्व्हर चालू केला आणि स्क्रिप्ट उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. यंत्र वेड्यासारखं वागायला लागलं की आधी वाचायचं, मग घाबरायचं, असा तिचा खाक्या.

आणि तिला ती ओळ सापडली.

मीटरने उत्तर दिलं नाही, तर शून्य धर.

एवढीच. मीटर बंद असो, वायर तुटलेली असो, स्क्रिप्ट म्हणणार शून्य. म्हणजे हवा स्वच्छ. म्हणजे उतर.

बाहेर टक… टक… टक. आता थांबायचं नावच नाही.

आत्या उठली. परत टाकीपाशी गेली. तापलेल्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि मोठ्याने म्हणाली, "मामा, ऐकू आलं मला. आता ठोकू नका, काम करू द्या. माझ्या सर्व्हरवरून खोटा कागद निघणार नाही."

शांतता.

मग एकच ठोका… बरोबर तिच्या तळहाताखाली.

तिने हात उचलला नाही. पत्रा उन्हाने भाजत होता, पण तेवढी हाताएवढी जागा थंडगार पडली होती.

केबिनमध्ये येऊन तिने ती ओळ खोडली. त्या जागी लिहिलं: मीटरने उत्तर दिलं नाही तर परमिट नाही. मग सर्व्हरला स्क्रिप्ट चालवायला शिकवलं आणि सगळ्या टाक्या तपासल्या. बाकीच्यांची परमिटं आली. कोपऱ्यातलीचं आलं नाही.

तेवढ्यात साहेब आले. कारखान्याचे मॅनेजर. टाकी धुणारी माणसं बाहेर सावलीत बसून होती आणि कोपऱ्यातली टाकी आजच धुवायची होती. आत्याने ओळीचं सांगितलं. साहेबांना नवल वाटलं नाही. मीटर सारखे बिघडतात म्हणून ती सोय मीच करून घेतली होती, असं त्यांनी सहज सांगून टाकलं. ती ओळ परत घाला, म्हणाले. आत्याने नाही म्हटलं. तुम्हाला सर्व्हर बसवायला बोलावलंय, कारखाना चालवायला नाही, असं ते म्हणाले.

"सर्व्हर मी बसवलाय, तर त्यातून निघणारा प्रत्येक कागद माझा," आत्या म्हणाली. "दुसरा माणूस आणा. पण आज, माझ्या देखत, त्या टाकीत कुणी उतरणार नाही."

साहेबांनी तिला बाजूला केलं. स्वतः खुर्चीत बसले. जुन्या स्क्रिप्ट त्यांच्याकडेही होत्या, त्यांनी त्या नव्यांवर उतरवल्या. ओळ परत जागेवर आली.

बाहेरचा आवाज थांबला.

फोरमन दारात उभा होता. त्याच्यामागे ती माणसं येऊन थांबली होती. साहेबांनी कोपऱ्यातल्या टाकीचं परमिट मागितलं.

पान आलं.

गॅस: बासष्ट. प्रवेश नाही.

साहेबांनी पुन्हा मागितलं. बासष्ट. पुन्हा. बासष्ट.

फोरमन हळूच म्हणाला, "साहेब… त्या टाकीचा मीटर मीच काढून नेलाय दुरुस्तीला. तिथे मीटर नाही."

साहेब आत्याकडे वळले. हे तुमचेच चाळे, असं काहीतरी म्हणाले. आत्याने वाद घातला नाही. तिने फोरमनला हातात धरायचा सुटा मीटर आणायला सांगितलं. त्याने मास्क चढवला, बोल्ट सैल केले, झाकण जरासं उचललं आणि मीटर दोरीला बांधून आत सोडला. सगळे लांब उभे राहिले. मीटर किंचाळायला लागला. फोरमनने तो वर ओढला आणि आकडा साहेबांसमोर धरला.

बासष्ट.

 त्या माणसांपैकी एक खाली बसला आणि हातमोजे काढायला लागला. मग दुसरा. मग सगळेच. साहेब गाडीत बसून निघून गेले.

आत्याने ती ओळ पुन्हा खोडली. त्याच संध्याकाळी तिने कारखान्यांच्या तपासणी अधिकाऱ्याकडे सगळं लिहून दिलं. साहेबांचा फोन आला. तुम्हाला या धंद्यात उभं राहू देणार नाही, म्हणाले. आत्या म्हणाली, मी बसूनच काम करते. मामांची चौकशी परत उघडली. मामींना खरं काय ते कळलं. साहेब आता तिथे नाहीत.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

टाकीत पंखे लावून हवा खेळवली. मीटर खरंखुरं शून्य दाखवायला लागला, तेव्हा माणसं उतरली आणि टाकी धुतली. वर झाकणापाशी फोरमन होता. खालून येणाऱ्या प्रत्येकाला तो हात देऊन वर ओढत होता. शिडी निसरडी, तोंडावर मास्क, सगळे रंगाने माखलेले. कोण कोण ते ओळखू येत नव्हतं. शेवटचा हात आला, त्याने तो ओढला, माणूस वर आला, बाजूने निघून गेला.

मग फोरमनने माणसं मोजली. उतरले होते तेवढेच होते. बरोबर.

पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो आत्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, मी एक हात जास्त ओढला."

 आत्या म्हणाली, "वर आला ना? मग झालं."

ती आजही एवढंच म्हणते. त्यापुढे विचारलं तर विषय बदलते.

मागच्या महिन्यात फोरमन आत्याकडे आला होता. मीही होते. बोलायला चांगला माणूस, हसराही. मी चहा पुढे केला. कप त्याने डाव्या हाताने घेतला. बशीही डाव्यानेच. उजवा हात खिशात होता, तो गप्पा मारताना, उठताना, चप्पल घालतानाही बाहेर आला नाही.

निघताना दारात तो जरा अडखळला आणि मी सावरायला पुढे झाले. खिशाला माझी बोटं लागली.

बाहेर कडक ऊन होतं…

कापडावरूनसुद्धा तो हात बर्फासारखा लागला.