गज चार बोटं बाहेर

सिनेमात ज्याला बंदुकीने मारायचं, त्याच्याच हातून आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्यायची, ही सिनेमाच्या बंदुका सांभाळायच्या आमच्या धंद्यातली पहिली रीत. जुन्या ठासणीच्या बंदुकीबरोबर एक गज येतो. नळीत दारू, कागद आणि गोळी ठासायची लोखंडी सळी म्हणजे गज. बंदूक उभी धरायची आणि मरणाऱ्याने वरून गज सोडायचा. नळी रिकामी असली की तो थेट तळाच्या लोखंडावर आपटतो, टण् वाजतो आणि नळीच्या तोंडाबाहेर चार बोटं उरतो. आत काही असलं तर आवाज बसका येतो आणि गज जास्त बाहेर राहतो. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं.

दुसरी रीत माझ्या उस्तादांची. ज्या नळीत मरणाऱ्याने गज टाकला, त्याच नळीने त्याला मारायचं. मधे बदल नाही, मग नळी सोन्याची मिळो. उस्तादांना कारण विचारलं तर म्हणायचे, "कारण विचारणाऱ्याने शाळेत जावं, इथे बंदुका पुसायच्या."

मी थापा मारतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. एका गोळीने दिवा विझवला आणि दुसरीने तोच पेटवला, ही माझी गोष्ट नातवंडांना पाठ आहे. पण थापेत मी कधी मोजमाप सांगत नाही. इथे सगळं बोटांनी मोजलेलं आहे.

माझा धाकटा भाऊ सिनेमात मरायचा. तेच त्याचं काम. स्टुडिओत त्याला मरतुकड्या म्हणत, आणि गडी होता चांगला नव्वद किलोचा. बाणाने मेला, भाल्याने मेला, तटावरून पडून मेला, एकदा राजाचा विनोद ऐकून हसता हसता मेला. आई रोज संध्याकाळी विचारायची, "आज कितीदा?" तो बोटं दाखवायचा आणि ताटावर बसायचा. त्याची बायको तेवढी कधी हसली नाही. तो मरायचा त्या सकाळी दारापर्यंत येऊन मला म्हणायची, "दादा, नळी तुमच्या हातात आहे ना? मग मी घोर लावून घेत नाही."

त्या वर्षी एक समुद्री लुटारूंचा सिनेमा चालला होता. बारा बंदुका हव्या होत्या. अकरा आमच्या सुताराने आणि लोहाराने मिळून घडवल्या, बारावी नमुन्याची. ती अस्सल होती, दोनशे वर्षांपूर्वीची, कुणाच्या तरी माळ्यावरून आलेली. अकराही दिसायला हुबेहूब तिच्यासारख्या. फरक एवढाच, की अस्सलच्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथे, केसाएवढी चीर होती. आणि तिला वजन होतं. खलनायकाचं काम करणारा नट तिच्यावरच अडून बसला. "मामा, नकली हातात घेतली की माझा चेहरा खोटा होतो." स्टुडिओतले सगळे मला मामाच म्हणत. हा नट पडद्यावर गावं जाळायचा आणि प्रत्यक्षात मुंगी दिसली तरी पाय उचलून ठेवायचा. मी त्याला अस्सल दिली.

प्रसंग साधा होता. जहाजाच्या लाकडी फळीवर धाकटा पाठमोरा उभा. खलनायक हाक मारतो, हा वळतो, तो चाप ओढतो, हा पडतो. दिग्दर्शकाला वळणं आणि पडणं एका श्वासात हवं होतं, म्हणून आठ दिवस तालीम. तालमीत दारू नाही, ठिणगी पाडणारी चकमकही काढलेली. नुसता घोडा खाली पडायचा, कट्, आणि धाकटा पालथा.

पहिल्या सकाळी त्याने गज टाकला. टण्. चार बोटं बाहेर. त्या दिवशी तो सहा वेळा मेला.

दुसऱ्या सकाळी गज सहा बोटं बाहेर राहिला.

बंदुकीत गंज पडतो, घाण साचते. मी काही घाबरलो नाही. गरम पाणी ओतलं. जसं ओतलं तसं स्वच्छ बाहेर आलं. नळीचं बूड बंद करणारा तळाचा आटा खोलला आणि नळी खिडकीकडे धरून डोळा लावला. पलीकडे आभाळाची गोल टिकली दिसली, निळी, मधे काही म्हणजे काही नाही. आटा पुन्हा बसवला, गज सोडला. सहा बोटं. आवाजही टण् नव्हता. पिठाच्या डब्यात काठी खुपसावी तसा आला. भस्.

तो आवाज मी हजारदा ऐकलेला आहे. गज दारूवर टेकला की असाच येतो.

धाकट्याला बोलावलं. त्याने गज उचलला, सोडला, कान लावला. "टण् वाजलं की, दादा."

"टण्?"

"मग काय वाजायला हवं होतं, सनई?"

"गज बघ. दोन बोटं जास्त आहे."

त्याने आपली बोटं लावून पाहिली. त्याची बोटं केळ्यांसारखी जाड. "चारच आहेत," तो म्हणाला. "तुझी बोटं वाळली. आणि कान तर तू दहा वर्षांपूर्वीच धंद्याला वाहिलेस."

तेही खोटं नव्हतं. तीस वर्षं कानाशी बार उडाले की माणूस ठार बहिरा होत नाही, पण घरात त्याला कुणी गुपितं सांगेनासं होतं. मी गजावर कानशीने खूण केली. चार बोटांवर एक बारीक रेघ, म्हणजे बोटांचा वाद नको.

चौथ्या दिवसापर्यंत धाकटा चोवीस वेळा मेला होता. रेघ नळीच्या तोंडापासून तीन बोटं वर उभी होती आणि आवाज आता थप् येत होता, दारूवर कागदाचा बोळा ठासल्यावर येतो तसा. सुताराला दाखवलं. तो म्हणाला, "रेघ चुकीच्या जागी मारलीस." लोहार म्हणाला, "थंडीने नळी आखडली असेल." दोघांनाही टण् ऐकू आलं. घरी मी ताटावरून अर्ध्यात उठलो. भावजयीने विचारलं, "दादा, भूक नाही?" मी म्हटलं, दात दुखतोय.

सहाव्या सकाळी खलनायकाने बंदूक खांद्याला लावली आणि खाली घेतली.

"मामा, हिच्यात काही घातलंत का? जड लागतेय."

"किती जड?"

तो ओशाळला. "सुपारीएवढी असेल. उगाच आपलं वाटलं."

मी बंदूक हत्यारांच्या भांडारात नेली, दार लोटलं आणि गज सोडला. टुक्. छोटा, बसका आवाज. शिशावर लोखंड टेकल्याचा.

आधी दारू, मग कागद, मग गोळी. माणूस ज्या क्रमाने बंदूक भरतो, त्याच क्रमाने ती भरत आली होती. प्रत्येक मरणागणिक थोडी थोडी. मी नळी तिरकी केली. आतून काहीतरी गोल गडगडत तोंडाकडे आलं. तोंडाशी तळहात धरला. हातावर काही पडलं नाही. नळी सरळ केली. ते गडगडत मागे गेलं.

नवव्या दिवशी खरं चित्रीकरण होतं. दारू, धूर, सगळं.

मी सकाळीच दिग्दर्शकाला म्हटलं, बंदूक बदलू या. तोवर सगळ्यांसमक्ष धाकट्याने गज टाकून झाला होता आणि पन्नास माणसांनी टण् ऐकलं होतं.

"मामा, गज टाकल्यावर बदल नाही, हा नियम कोणाचा?"

"माझाच."

"मग तुम्हीच मोडणार?" तो कपाळ पुसत म्हणाला. "एक कारण द्या, मी बदलतो."

काय कारण देणार? बंदूक तुमच्या तालमी मोजतेय, म्हणून? मी थापाड्या म्हणून इतका नावाजलेला, की त्या दिवशी खरं बोलायची सोयच उरली नव्हती.

दारू भरायला बंदूक भांडारात न्यावीच लागते. तिथे मी अस्सल बंदूक लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. नकलींपैकी एक घेतली. तिच्यात मीच तीनदा गज टाकला. तिन्ही वेळा टण्, चार बोटं. चिमूटभर दारू, कागदाचा बोळा, बस. हुबेहूबपणा वाढावा म्हणून दस्त्याच्या बुडाशी वजनाला शिशाची पट्टी ठोकली आणि वर काजळीची केसाएवढी रेघ ओढली.

धाकट्याला मी तिच्यात गज टाकायला दिला नाही. दिला असता तर बदल उघडा पडला असता.

बाहेर येऊन बंदूक खलनायकाच्या हातात दिली. नेम धाकट्याच्या डाव्या बाजूने दोन हात लांब धरायचा, कॅमेऱ्यातून तो छातीवर दिसतो. मी स्वतः त्याच्या पायाशी खडूची खूण केली आणि मागे सरलो.

हाक. धाकटा वळला. बार झाला.

धाकट्याची पडायची एक ठरलेली तऱ्हा होती. छातीवर हात, दीड गिरकी, मग फळीवर धाडकन. या वेळी गिरकी नव्हती. वाळत घातलेलं धोतर दोरीवरून घसरावं तसा तो खाली आला.

धूर पांगला. कोणी 'कट' म्हणत नव्हतं.

मी निघालो. पोचेपर्यंत तो कोपरावर उठून बसला होता.

"काय रे," मी म्हटलं, "आज गिरकी विसरलास?"

"पायच गेले, दादा." तो फळीकडे बघत होता. "पण चांगलं झालं ना?"

मी त्याचा कोट ओढून काढला, सदरा वर केला, छाती चाचपली, पाठ चाचपली. ओरखडासुद्धा नव्हता. सगळे हसले. "मामा, पोराला गुदगुल्या होतात," खलनायक म्हणाला. दिग्दर्शक म्हणाला, असं मरण त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

दुपारी कपडे सांभाळणाऱ्या ताई भांडारात आल्या. हातात धाकट्याचा कोट.

"मामा, नवा कोट होता हो. काय उडवलंत त्यातून?"

कोटाला डाव्या बाजूला, बरगडीच्या उंचीवर भोक होतं. कडेने जळलेलं, बोटभर रुंद.

"आणि मागे?"

त्यांनी कोट उलटा केला. "मागे काही नाही. पुढूनच तेवढं."

त्या गेल्यावर मी कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं, किल्ली कमरेलाच होती. अस्सल बंदूक ठेवली तशी उभी. नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं, काळं झालं. जळलेल्या दारूचा वास कपाटात कोंडला होता.

गज सोडला.

टण्.

रेघ बरोबर नळीच्या तोंडाशी. चार बोटं.

याला एकतीस वर्षं झाली. ती बंदूक आता एका संग्रहालयात काचेमागे आहे, पाटीवर साल चुकीचं लिहिलंय. धाकटा त्यानंतर सिनेमात मेला नाही. दोन-तीनदा बोलावणं आलं, पण त्याला पडणं जमेना. त्याने लाकडाची वखार घातली, दोन मुली उजवल्या. मी भावजयीला यातलं कधी सांगितलं नाही. ती अजून म्हणते, "दादा होते म्हणून हे धडधाकट घरी आले."

खरंच धडधाकट आहे. वजनही तेवढंच, सुपारीभर इकडेतिकडे.

आम्ही दोघे रोज सकाळी फिरायला जातो. दारात तो बुटाच्या नाड्या बांधायला वाकतो, मी शेजारी काठी धरून उभा असतो. मला आता घरातली घंटा ऐकू येत नाही, नातवंडांचा दंगा ऐकू येत नाही. पण तो वाकला की त्याच्या आत काहीतरी गोल गडगडत पुढे येतं, ते ऐकू येतं. तो सरळ झाला की ते मागे जातं.

बहिऱ्याच्या कानाचे खेळ, असं मी स्वतःला समजावत आलो आहे.

फक्त हल्ली तो फार सावकाश वाकतो. अर्ध्यावर थांबतो, छातीशी तळहात धरतो, आणि मग उरलेला वाकतो.